वारीला मुक्काम, कळपाला मज्जाव

पावसाळ्याच्या तोंडावर कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ही वारी सुरू केली, असे परंपरा सांगते. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ वर्धेच्या काठावरचे हे माहेर आपल्या लेकीला पायी सासरी पोचवत आले आहे. पालखी कोणत्या गावी टेकणार, दुपारचा विसावा कुठे आणि रात्रीचा मुक्काम कुठे, हे गावोगावी ठाऊक असते. कुणी पिठले-भाकरीची पंगत घालतो, कुणी पाण्याचे पिंप भरून ठेवतो, कुणी शाळेच्या खोल्या झाडून देतो. चालणाऱ्याची सोय करणे हे गावाचे काम आहे, याबद्दल वऱ्हाडात कुणाचे दुमत नाही.

याच वऱ्हाडातून आणखी कुणी तरी वर्षानुवर्षे चालत आले आहे. कापसाचा शेवटचा वेचा झाला, वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या आणि वर्धेचे पाणी ओसरले, की मेंढ्यांचे, बकऱ्यांचे, गाईंचे कळप वाटेला लागतात. पुढे बिऱ्हाड लादलेला उंट किंवा घोडे, मागे काठी खांद्यावर आडवी घेतलेला माणूस आणि आजूबाजूला कुत्री. या चालणाऱ्यांचे मुक्काम कुणी लिहून ठेवलेले नाहीत. त्यांच्यासाठी पाण्याचे पिंप भरले जात नाही. बहुतेक गावांत त्यांच्या वाट्याला पहिला प्रश्न येतो तो एकच, ‘इथून कधी जाता?’

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीची चित्रफीत मात्र प्रत्येक घरात पाहिली जाते. टांझानिया आणि केनियाच्या गवताळ मैदानांवरून दरवर्षी सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत लाखो झेब्रे आणि हरणे गोल फेरी पूर्ण करतात. जानेवारी ते मार्च या काळात ती दक्षिणेच्या आखूड गवतावर असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे गवतात खनिजे भरपूर. म्हणून माद्या तिथेच वितात, आणि बहुतेक वासरे अवघ्या दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. पाऊस सरला की हीच मैदाने कोरडी पडतात आणि कळप वायव्येकडे, मग उत्तरेला मारा नदीकडे सरकतो. नोव्हेंबरात दक्षिणेला पुन्हा ढग भरले की परतीची वाट. जिथे पाऊस तिथे चारा, आणि जिथे चारा तिथे कळप. एका जागी थांबणे म्हणजे आधी कुरण संपवणे आणि मग स्वतः संपणे, एवढा सरळ हिशेब त्यामागे आहे.

या फेरीत मरणही मोजले गेले आहे. मारा नदी ओलांडताना दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवले आहे. ती कलेवरे गिधाडांना, मगरींना, माशांना पोसतात आणि हाडे पुढची कित्येक वर्षे नदीला खत देत राहतात. गवत नदीला मिळते, नदी माशाला मिळते. चालणारा कळप रानातले सत्त्व एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवत जातो.

विल्डबीस्टचे एवढे कळप नेहमीच होते, असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडीने आफ्रिकेतली गुरे आणि रानटी जनावरे दोन्ही झोपवली. त्यानंतरही रोग धुमसत राहिला. १९६० च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास उरले होते. मग भोवतालच्या मसाई लोकांच्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली, रोग हटला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस रानातला कळप १३ लाखांपर्यंत वाढला. एवढी जनावरे गवत खाऊ लागल्यावर वणव्यांना सुके गवत कमी मिळू लागले आणि झाडे पुन्हा वर आली. मसायांच्या गोठ्यातली गाय आणि रानातला विल्डबीस्ट यांचे नशीब एकाच दोरीने बांधलेले होते, हे त्या लसीने दाखवून दिले. तरीही त्याच मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढण्यात आले होते. जनावरांच्या वाटेचे कौतुक आणि गुराख्याच्या वाटेला बंदी, ही विसंगती तिथलीही आहे आणि इथलीही.

वऱ्हाडात चालणारे हे कळप कुणाचे? एक इथलेच धनगर. पेरणी झाली की मेंढरांना गावात जागा उरत नाही, म्हणून ते डोंगराच्या आणि पडीक रानाच्या आश्रयाला जातात आणि सुगी झाली की पुन्हा वावरांत उतरतात. दुसरे नंद-गवळी. कौंडण्यपूरच्या समोर, वर्धेच्या पलीकडच्या आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या पट्ट्यात त्यांनीच गवळाऊ ही पांढरीशुभ्र, चपळ गाय राखली. मराठ्यांच्या फौजेचे सामान वाहायला याच जातीचे बैल धावत, असे सांगतात. आज कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे, पण गवळाऊ घडली ती गोठ्यात बांधून नव्हे, तर रानोमाळ चारून. तिसरे कच्छ-काठेवाडातून आलेले रबारी आणि भरवाड. वऱ्हाडात त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात. गेल्या अर्धशतकात त्यांतली कित्येक कुटुंबे विदर्भातच फिरू लागली. त्यांची मुले इथे जन्मली, मराठी बोलू लागली, तरी गावाच्या लेखी ती ‘बाहेरची’च राहिली.

या कळपांची चराई नीट पाहिली तर सेरेंगेटीचाच धडा दिसतो. तिथे उंच, जाड गवत आधी झेब्रा खातो, त्याने मोकळी केलेली पाने विल्डबीस्ट खातो आणि मागून येणारे छोटे हरीण कोवळी फूट खुडते. इथे उंट बाभळीचा शेंडा ओरबाडतो, बकरी पऱ्हाटीची उरलेली पाने आणि न उमललेली बोंडे वेचते, मेंढी जमिनीलगतचे गवत कुरतडते. एकाचे उष्टे दुसऱ्याचे जेवण. शेतकऱ्याला जे वेचून, उपटून, जाळून टाकावे लागले असते ते तीन तोंडांनी साफ होते.

आणि रात्री खरी देवघेव होते. तिला ‘मेंढ्या बसवणे’ म्हणतात. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यात आधी बोलणे होते. किती रात्री, किती मेंढ्या, बदल्यात रोख की धान्य. दिवस मावळला की वावरात जाळी ताणली जाते, मेंढ्या आत घेतल्या जातात आणि खूर हलवत, एकमेकींना रेटत त्या दाटीने बसतात. बाहेर कुत्री जागतात, बाईमाणसे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतात. सकाळी जाळी उचलली की काळ्या मातीवर लेंड्यांचा सारखा थर पडलेला असतो आणि त्यात मूत मुरलेले असते. दुसऱ्या रात्री जाळी शेजारच्या तुकड्यावर. असे करत सगळे वावर खताखाली येते. ट्रॅक्टर नाही, गोणी नाही, वाहतूक नाही. शेणखताच्या भावाने आणि रासायनिक खताच्या रांगेने त्रस्त झालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे खत दारात चालत येते.

कौंडण्यपूर हे नावच या देवघेवीची आठवण ठेवणारे आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणजे भीष्मक राजाची विदर्भाची राजधानी, आणि तिला घेऊन गेलेला कृष्ण गोकुळातला गवळी. आजही कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते, दहीहंडी फुटते आणि गोपाळकाला वाटला जातो. दही, लोणी, काला हे सगळे गुराख्यांचे अन्न. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ रूप गवळी-धनगरांच्या देवात शोधले. या ग्रंथाला १९८७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने तर धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या देवांचा माग काढला. वारकरी ज्याच्या भेटीला चालत जातात तो देवच मुळात कळपामागे चालणाऱ्यांचा, असे या दोघांच्या अभ्यासातून समोर येते.

मातीतला पुरावा याहून जुना आहे. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी कौंडण्यपूरच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीच्या वस्तीचे थर मिळाले. विदर्भभर पसरलेल्या शिळावर्तुळांखाली लोखंडी अवजारांसोबत घोड्याचा साज सापडला आहे. ती वर्तुळे रचणारा समाज शेतीइतकाच पशुपालनावर जगत होता, असे अनेक अभ्यासक मानतात. वऱ्हाडात जनावरामागे चालणे हा काल-परवाचा उपद्रव नाही, तर या भूमीचा सर्वांत जुना उद्योग आहे.

तो परका ठरला तो कापसापायी. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात कापसाचा भाव चढला आणि त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. गवताची राने नांगराखाली गेली, उरलेल्या जंगलाला राखीव म्हणून कुंपण पडले. १८७१ या एकाच वर्षात दोन कायदे झाले. एकाने शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात टाकण्याची रीत देशभर पक्की केली, दुसऱ्याने भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. दुसरा कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला. पहिला जुना झाला तरी त्यामागची नजर गेली नाही. चालणारा माणूस संशयित आणि चालणारे जनावर अतिक्रमण करणारे, ही ती नजर.

तरीही गावाची चराई म्हणून काही जमीन राखली गेली. वऱ्हाडात तिला ई-क्लास म्हणतात. आज ही ई-क्लास जमीन कुठे आहे, ते तलाठ्याच्या नकाशात दिसते. प्रत्यक्षात तिथे कुणाचे तरी वावर, कुणाचे घर, कुठे सरकारी इमारत, कुठे मुरमाची खदान असते. गावाच्या कडेला जिथे सकाळी गायकी ढोरे गोळा करायचा, तो आखरही आकसला. दोन वावरांमधली पांधण दोन्हीकडून नांगरली जाऊन बैलगाडीलाही पुरेनाशी झाली. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही तसा निर्णय काढला. पण गायरानाचा प्रश्न उठला की चर्चा होते ती अतिक्रमण करणाऱ्याची आणि इमारतीची. ज्याच्या तोंडचा चारा गेला त्या जनावराचे नाव क्वचितच निघते.

कुंपण काय करते, हे बोट्स्वानात दिसले. ओकावांगोच्या खोऱ्यातून मकगाडिकगाडीच्या खाऱ्या मैदानाकडे जाणारी झेब्र्यांची वाट १९६८ मध्ये गुरांच्या रोगप्रतिबंधासाठी घातलेल्या कुंपणाने बंद झाली. २००४ मध्ये ते कुंपण काढले आणि अवघ्या काही वर्षांत झेब्रे पुन्हा त्याच वाटेने चालू लागले. बंद झालेली वाट चाललेली जनावरे केव्हाच मेली होती, पण वाट मोकळी होताच नव्या पिढीने ती शोधली. सेरेंगेटीतून पक्का महामार्ग नेण्याचा टांझानियाचा बेत पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाने २०१४ मध्ये बेकायदा ठरवला, तो याच कारणाने.

आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पाहा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वर्धा जिल्ह्यातून तो वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरतो आणि धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून वाशीमकडे जातो. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. वेगवान वाहनांसमोर जनावर येऊ नये म्हणून ते हवेच. वन्यप्राण्यांसाठी त्यावर पूल आणि खाली भुयारी वाटा ठेवल्या, हेही चांगलेच झाले. पण पाचशे मेंढ्या आणि दहा उंट घेऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या बिऱ्हाडाने हा रस्ता नेमका कुठे ओलांडायचा, याची पाटी कुठे तरी लागायला हवी होती. काळविटाला जी वाट मिळाली ती मेंढीलाही मिळू शकते. तेवढी जाणीव नियोजनाच्या टेबलावर हवी.

संशयाची किंमत काय असते, तेही याच भागाने पाहिले. जानेवारी २०२२ मध्ये धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासर परिसरात पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले आणि कच्छच्या पाच जणांना अटक केली. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेत आहेत, अशी तक्रार होती. पाचही जणांना जामीन मिळाला. उंटांना अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले गेले. पुढे न्यायालयाने उंट मालकांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. प्राण्यांवर क्रूरता होऊ नये, हा आग्रह योग्यच आहे. पण हे लोक कोण, उंट कशासाठी आणि कोणत्या वाटेने नेतात, याची एखादी नोंद, एखादे ओळखपत्र, एखादा वाटेचा परवाना असता, तर हा प्रश्न रस्त्यावरच्या रस्त्यावर सुटला असता.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे आणि ती डावलून कुठलाच मार्ग निघणार नाही. पूर्वी कापूस-तूर निघाली की वावर मोकळे व्हायचे. आता विहिरीला, कालव्याला पाणी आहे तिथे हरभरा आणि गहू उभा असतो. मोर्शी-वरूडकडे संत्र्याच्या बागा आहेत. कोवळ्या कलमांत बकऱ्या एकदा शिरल्या तर चार वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते. आधीच रोही आणि रानडुकरांनी त्रासलेला माणूस कळप पाहून काठी उचलतो, त्याला दोष देता येत नाही. पण हे भांडण शेतकरी आणि मेंढपाळ या दोन गरिबांचे नाही. दोघांच्या मधली ई-क्लास आणि पांधण नाहीशी झाली, म्हणून ते एकमेकांच्या अंगावर आले आहेत. वाट आखलेली असेल तर कळप पिकात शिरण्याचे कारण उरत नाही आणि शिरलाच तर जबाबदार कोण, हेही ठरलेले असते.

शासनाने मेंढपाळांसाठी काही केले नाही, असे नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून २० मेंढ्या आणि १ नर अशा गटाला अनुदान मिळते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे महामंडळ त्यासाठी आहे. या योजनेने मेंढ्या दिल्या. मेंढ्यांना चालायला जागा दिली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या आणि स्थायिक अशा दोन्ही चराईचा, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. पण आदिवासी नसलेल्यांना तो मागताना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. दर मोसमात ज्याचा मुक्काम बदलतो, त्याने कोणत्या गावचा दाखला आणायचा?

हे अशक्य कोटीतले नाही. हिमाचलात गद्दी मेंढपाळांना वनखाते चराईचे परवाने देते आणि त्यात वाट ठरलेली असते. स्पेनमध्ये तर मेंढरांच्या जुन्या वाटा सुमारे सव्वा लाख किलोमीटर आहेत. १९९५ च्या कायद्याने त्या सार्वजनिक मालकीच्या ठरवल्या आणि त्या विकता येणार नाहीत, असे बजावले. दरवर्षी शरदात मेंढ्यांचा कळप भर माद्रिदच्या रस्त्यांतून नेला जातो, आणि राजधानी त्या दिवशी थांबून त्यांना वाट देते.

अमरावती जिल्ह्यालाही सामूहिक कामाची सवय आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली. ग्रामसभा ठरवते तेव्हा रान राखले जाते, हे तिथे सिद्ध झाले. तसेच वाटेचेही होऊ शकते. त्यासाठी चार गोष्टी पुरेत. तिवसा, आर्वी, धामणगाव, चांदूर रेल्वे या तालुक्यांतल्या कळपांच्या वाटा, नदीचे उतार आणि पाणवठे मेंढपाळांना सोबत घेऊन नकाशावर आणावेत. पाणंद रस्त्यांच्या योजनेत ज्या पांधणी मोकळ्या होतात, त्यांतल्या या वाटांना कळप जाईल एवढी रुंदी ठेवावी. दर काही कोसांवर ई-क्लासचा एक तुकडा मुक्कामासाठी राखावा, तिथे हौद असावा आणि पशुवैद्यकाची लसीकरणाची फेरी त्याच मुक्कामी व्हावी. आणि फिरत्या कुटुंबाला जिल्हा पशुसंवर्धन खात्याने ओळखपत्र द्यावे, म्हणजे पोलीस ठाण्यातली पहिली रात्र वाचेल.

यातली एकही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. पालखीच्या वाटेवर हे सगळे आधीपासून होत आले आहे. मुक्काम ठरलेला, पाणी ठरलेले, यजमान ठरलेला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्याचे समारंभ राजधान्यांत होतील. वऱ्हाडाने आपले काम ग्रामसभेत करावे. कौंडण्यपूरच्या आसपासच्या आणि वर्धेच्या पैलतीरावरच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घ्यावा. आपल्या शिवारात कळपाची वाट कोणती, मुक्काम कोणता आणि पाणी कोणते, एवढेच त्यात लिहावे आणि तो ठराव तहसीलदाराकडे पाठवावा. कापसाचा शेवटचा वेचा होण्याआधी हे झाले, तर यंदा वर्धा ओलांडून येणाऱ्या पहिल्या कळपाला कुठे टेकायचे, ते विचारावे लागणार नाही.